अबोल खडकावरची पांढरी मिरी

पूर्वी पश्चिम समुद्राच्या काठी सुवेल नावाचे नगर होते. तिथे मृगधर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका सार्थवाहाच्या घरी जन्म घेतला. सार्थवाह म्हणजे बैलांचा तांडा घेऊन दूरदेशी व्यापाराला जाणारा माणूस. बापाने मुलाचे नाव क्षेमक ठेवले. मोठा झाल्यावर तोही तांडा हाकू लागला. त्याचा आवाज कधी चढला नाही आणि त्याची काठी बैलाच्या पाठीवर कधी पडली नाही. क्षेमकाच्या तांड्यातले बैलसुद्धा समजूतदार, असे लोक म्हणत.

पण ही गोष्ट जास्ती करून त्याच्या मेहुण्याची आहे. रोहक त्याचे नाव. क्षेमकाच्या बायकोचा, उत्पलेचा, पाठचा भाऊ. माणूस कामाला वाघ, पण जन्माला आला तोच डोळे बारीक करून. गवळण दूध घालायला आली की हा आधी तिचे हात बघायचा, पाणी घालून ओले झालेत का म्हणून. न्हावी दाढी करताना जरा थांबला तर हा एक डोळा उघडून विचारी, "कसला विचार चाललाय रे?" उत्पला चिडवायची, "माझ्या भावाला स्वतःच्या सावलीचा भरवसा नाही. मागं वळून विचारतो, माझ्या पाठी का लागलीस?" रोहकाला त्याचे काही वाटत नसे. तो म्हणायचा, "हस, ताई, हस. फसशील तेव्हा माझ्याकडंच येशील."

सुवेल नगर मोठे झाले ते मिरीवर. परदेशची गलबते बंदराला लागत ती मिरीसाठी. पण मिरी कुठे होते, कशी होते, हे नगरात एकालाही ठाऊक नव्हते. ती यायची दक्षिणेच्या डोंगरातून, आणि ती आणायची रीत जगावेगळी होती.

डोंगराच्या पायथ्याशी नदीच्या वळणावर एक रुंद, सपाट कातळ होता. त्याला अबोल खडक म्हणत. माघ सरता सरता तांडा तिथे पोचायचा. व्यापारी आपले मीठ, कापड, लोखंडी कोयते खडकावर मांडत, ढोल वाजवत आणि वळणापलीकडे जाऊन बसत. मग डोंगरातली माणसे उतरत. त्या मालाशेजारी योग्य वाटेल तेवढी मिरी ओतत आणि वर निघून जात. व्यापारी परत येऊन बघत. मनासारखे असले तर मिरी उचलत, दुसरा ढोल वाजवत आणि तांडा हाकत. नसले तर आपले थोडे मीठ मागे घेत आणि पुन्हा वळणाआड बसत. दुसरा ढोल वाजल्यावरच डोंगरातली माणसे मीठ न्यायला येत. तोवर ती झाडाआडूनसुद्धा बघत नसत. एकमेकांशी बोलायचे नाही, एकमेकांना पाहायचे नाही, आणि दुसरा ढोल वाजला की तांड्याने मागे फिरायचे नाही. मागे फिरला तो चोर, आणि चोरासाठी झाडाझाडांत धनुष्ये आहेत, हे सगळ्यांना माहीत होते.

कितीतरी पिढ्या हा बाजार असाच चालत आला होता. कुणी कुणाचे तोंड पाहिलेले नव्हते. ओळख होती ती ठेवलेल्या वस्तूंची. एका साली डोंगरातल्या कुणाची तरी कुऱ्हाड खडकावर विसरून राहिली. तांड्याने ती नेली नाही. पात्याला दंव लागू नये म्हणून वर पळसाची पाने झाकून तो निघाला. पुढच्या साली कुऱ्हाडीच्या जागी मधाचे पोळे ठेवलेले होते. असा तो बाजार. तो मोडला असता तर डोंगर अळणी झाला असता आणि सुवेलच्या बंदरात एक शीड दिसले नसते.

रोहकाला मात्र ही रीत ऐकूनच घाम फुटायचा. "ज्याचं तोंड दिसत नाही त्याच्याशी कसलं देणंघेणं, दाजी? पाठ वळवायची आणि माल उघड्यावर! हा बाजार आहे की झोपेत चालणं?"

क्षेमक म्हणायचा, "एकदा चल माझ्याबरोबर. मग बोल."

त्या वर्षी रोहक निघाला. नेमके तेच वर्ष वाईट होते. पाऊस जायचे नाव घेईना. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, तरी आभाळ उघडेना. सुवेलच्या अंगणात वाळत टाकलेली मासळी कुजली. मिठागरात मीठ धरेना. समुद्राचे पाणी नुसते आत यायचे आणि तसेच पडून राहायचे. क्षेमकाने कोठारातले जुने, साठवणीचे मीठ काढले आणि गोण्या भरल्या.

"असलं मोलाचं मीठ त्या न दिसणाऱ्या माणसांना?" रोहक म्हणाला.

"त्यांनी वर्षभर त्याचीच वाट बघितली असेल."

वाटेने रोहकाच्या जिवाला चैन नव्हते. नदीवर नावाड्याने होडी सावकाश वल्हवली, तर हा क्षेमकाच्या कानात म्हणाला, "पलीकडं कुणाला तरी निरोप पोचायला वेळ काढतोय." एका गावात म्हातारीने फुकट ताक दिले, तर ते याने आधी तिला प्यायला लावले. बैलवाल्यांचा मुकादम गोंदक म्हणून होता, म्हातारा आणि तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "धाकटे मालक, तुम्ही रात्री झोपता तेव्हा एक डोळा दुसऱ्यावर पहारा करतो का हो?"

अबोल खडकावर पोचले. माल मांडला. ढोल वाजला आणि सगळे वळणाआड गेले. सकाळी परत आले ते खडकाच्या कडेलाच थबकले.

मिठाशेजारी ढीग होते, पण काळे नव्हते. पांढुरके होते, उन्हात पडलेल्या हाडांच्या रंगाचे. दरवर्षीच्या निम्मेही नव्हते. आणि वास येत होता, साचलेल्या पाण्याचा, कुजक्या पाल्याचा.

गोंदक दोन पावले मागे सरला. "हात लावू नका कुणी! विष आहे ते."

"कशावरून?" क्षेमकाने विचारले.

"अहो, मिरवेलाला नाग वेटोळं घालून बसलेला असतो. डोंगरातले लोक खालून जाळ करतात. नाग पळतो, आणि धुरानं त्याचं विष जळून मिरी काळी होते. म्हणून तर ती तिखट! माझा आजा सांगायचा."

"आज्यानं पाहिलं होतं?"

"आजा कशाला बघायला जाईल? तिथं नाग असतो ना!"

पण बाकीच्यांना ते पटले. सुवेलमध्ये सगळे हेच ऐकून मोठे झाले होते. पांढरी मिरी म्हणजे जाळ न दाखवलेली मिरी, आणि जाळ न दाखवलेली म्हणजे विष आतल्या आत. माणसे एकमेकांना धरून उभी राहिली.

रोहकाने एक दाणा दोन बोटांत धरून फिरवला. त्याला जे दिसले ते निराळे होते. "नागबिग काही नाही. सरळ चोरी आहे ही. वरची साल काढून घेतली, ती दुसऱ्या कुणाला तरी दिली आणि आपल्यापुढं आतल्या बिया ओतल्या. आंबा त्यांनी चोखला, दाजी, आणि कोय आपल्या हातात दिली." मग जरा थांबून तो म्हणाला, "आणि विषही असेल." एका वेळी दोन संशय सांभाळायची त्याला सवयच होती. "एक मूठ बैलाला घालून बघू."

"बैलानं आपलं काय वाकडं केलंय?" असे म्हणून क्षेमकाने चिमूटभर दाणे आपल्याच तोंडात टाकले आणि चावले. त्याचे डोळे पाण्याने भरले. नाक लाल झाले. "मिरीच आहे," तो म्हणाला. "आणि सणसणीत आहे."

"हळू चढणारं विष असतं," रोहक म्हणाला, आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसला. ऊन माथ्यावर येईपर्यंत उठला नाही. मधूनच म्हणे, "जीभ दाखवा." मधूनच म्हणे, "नखं बघू." क्षेमकाने जीभ दाखवली, नखे दाखवली. शेवटी तो म्हणाला, "रोहका, मी मरायची वाट बघत तू उपाशी राहणार आहेस का? तिकडं भात निवला."

जेवण झाल्यावर क्षेमक ढिगाशी बसला. दोन्ही हात आत घालून त्याने मिरी वरखाली केली. काळ्या मिरीत दरवर्षी देठ निघत, काड्या निघत, एखादा खडा निघे. यात काही नव्हते.

"बघ," तो म्हणाला. "यातला दाणा न् दाणा कुणीतरी बोटात धरलाय. फसवणाऱ्याला एवढी सवड नसते."

"मग कमी का?"

"आपल्या मिठागरात या साली मीठ धरलं का? त्यांचंही काहीतरी अडलं असेल."

"काय अडलं असेल?"

"ते इथं विचारता येत नाही."

"विचारता येत नाही, म्हणून मी धरून चालतो की चोरी झाली."

"विचारता येत नाही, म्हणून मी धरून चालतो की अडचण झाली," क्षेमक म्हणाला. "ठाऊक दोघांनाही नाही. पण मी धरतो त्यानं डोंगरात मीठ जातं, आणि तू धरतोस त्यानं जात नाही."

त्याने सांगितले, मिरी भरून घ्या आणि मिठातले कणभर मागे घेऊ नका. सकाळी ढोल वाजवून निघू.

रोहकाला ते पटले नाही. तो स्वतःशी म्हणाला, दाजी देवमाणूस आहेत आणि देवमाणसांच्या घरात उंदीर फार होतात. कुणीतरी डोळे उघडे ठेवायला हवेत. दिवस कलताना माणसे चुली पेटवण्यात गुंतली होती. "दंव पडेल, मीठ झाकून येतो," असे सांगून हा एकटाच खडकावर गेला. मदतीला कुणाला घेतले नाही, भरवसा कुणाचा? मिरी कमी निघाल्याने रिकाम्या गोण्या उरल्या होत्या. मीठ त्यांत ओतून घेतले आणि त्या आपल्या बैलांच्या ओझ्यात लपवल्या. मिठाच्या गोण्यांत नदीची बारीक, पांढरी वाळू भरली आणि तोंडाशी वीतभर मीठ पसरले. गोण्यांची तोंडे जशी होती तशी बांधली. त्यांनी पांढऱ्या बिया दिल्या, मी पांढरी वाळू दिली, असा त्याने मनाशी न्याय केला. परत येऊन तो पोटभर जेवला आणि त्याला झोपही लागली.

सकाळी दुसरा ढोल वाजला. तांडा निघाला.

दुपारी एका आंबराईत बैल सोडले. ओझी उतरवून रांगेत ठेवली. क्षेमक बैलांना पाणी पाजून आला तेव्हा त्याचा कपिल्या बैल रोहकाच्या गोणीशी उभा होता. मान लांब करून गोणी चाटत होता. हुसकला तरी फिरून येई आणि पुन्हा चाटू लागे.

"रोहका, या गोणीत काय आहे?"

"मिरी."

"बैल मिरी चाटत नाही."

रोहकाच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आपली चुगली कुणी केली. मग त्याला कळले की चुगली बैलाने केली. त्याने मान ताठ केली. "मीठ आहे. आपलंच आहे. खडकावर वाळू ठेवून आलोय. त्यांनी खोडी काढली, मी फेडली. फिट्टंफाट."

क्षेमक खाली बसला. रागावला असता तर रोहकाला सोपे गेले असते. उत्तरे तयार होती. पण क्षेमक उठला तो कपिल्याच्या पाठीवर मिठाच्या गोण्या चढवू लागला. त्याच्यामागे बांधायला आणखी दोन बैल त्याने सोडले.

गोंदक पुढे आला. "मालक, दुसरा ढोल वाजलाय. आता मागं गेलात तर बाण घालतील."

"त्यांनी गोण्या उघडल्या असतील, बाबा. आज हे मीठ गेलं नाही तर पुढच्या माघात तिथं कुणी उतरणार नाही. नुसता बाजार मोडायचा नाही, डोंगरातली पोरं अळणी पेज पितील, आणि ती आपल्या नावानं."

"मग सगळेच जाऊ."

"सगळे गेलो तर त्यांना वाटेल चाल करून आलोत. तुम्ही तांडा पुढं न्या. मी आलो नाही, तर उत्पलेला सांगा, मीठ पोचवायला गेलाय म्हणून."

असे म्हणून तो निघालासुद्धा. रोहकाकडे त्याने पाहिलेही नाही.

आता कुणालाही वाटेल, रोहकाला पश्चात्ताप झाला असेल. छे. त्याच्या मनात नवाच किडा वळवळू लागला. न पाहिलेल्या माणसांसाठी कुणी जीव धोक्यात घालते का? इतका पुळका? नक्कीच कुठेतरी पाणी मुरतेय. दाजी दरवर्षी येतात. त्यांचे वर कुणाशी तरी आतून संधान असणार, वेगळी वाटणी असणार. ते बघायलाच हवे. तो गोंदकाला म्हणाला, "माझा चाबूक राहिलाय मागं," आणि वाटेला लागला.

गोंदक ओरडला, "अहो, चाबूक कमरेला आहे तुमच्या! आणि तुम्ही गेल्यावर मी माल पळवीन असं नाही आलं का मनात?"

"आलंय," रोहक न थांबता म्हणाला. "पण आधी हे."

उन्हे उतरायच्या सुमारास क्षेमक खडकाशी पोचला. रोहक कारवीच्या दाट झुडपात दबून बसला. खडकावर गोण्या फाडून टाकलेल्या होत्या. वाळू सगळीकडे पसरली होती, आणि वरवरचे ते चार मुठी मीठ कुणीतरी पानावर निराळे काढून ठेवले होते. माणूस दिसत नव्हते. पाखरूही बोलत नव्हते.

क्षेमकाने काठी खाली ठेवली. पागोटे काढून काठीशेजारी ठेवले. एकेक गोणी उतरवून खडकावर आणली आणि तिचे तोंड सोडले. मग तो जंगलाकडे पाठ करून, नदीकडे तोंड करून बसला आणि त्याने डोळे मिटले. बाजार त्याच्याकडून मोडला होता. न पाहण्याचा नेम तरी त्याला मोडायचा नव्हता.

एक बाण आला आणि त्याच्या कुशीजवळच्या गोणीत रुतला. मीठ भुरुभुरु सांडू लागले. क्षेमक हलला नाही.

रोहक डोळे ताणून बघत होता. आता खूण करतील. आता दाजी हात वर करतील. आता कुणीतरी हसत पुढे येईल. खूण झाली नाही. झाडीतून एक माणूस बाहेर आला, काळाकभिन्न, सडपातळ. धनुष्य ओढलेले, नेम क्षेमकाच्या पाठीवर.

तेव्हा रोहकाला कळले, की इथे शोधून काढण्यासारखे काहीही नाही. आत एक आणि बाहेर एक असे दाजींजवळ काही नव्हतेच. ते मीठ द्यायला आले होते. बस, एवढेच. आणि संध्याकाळपर्यंत आपली बहीण विधवा होईल ती आपल्या हातच्या वाळूने.

तो झुडपातून धावत सुटला. जन्मात पहिल्यांदा त्याने मागेपुढे पाहिले नाही. क्षेमकाच्या पाठीमागे जाऊन हात पसरून उभा राहिला आणि ओरडला, "मी! वाळू मी भरली! यांनी नाही, मी!"

डोंगरातल्या माणसांच्या कानी त्या खडकावर परका आवाज कधी पडला नव्हता. झाडांवरून पाखरे भर्रकन उडाली. धनुर्धाऱ्याला शब्द कळले नाहीत. रोहक गुडघ्यावर बसला, ओंजळीने वाळू उचलून त्याने आपल्याच डोक्यावर ओतली आणि छातीवर हात आपटला. हे मात्र कळण्यासारखे होते. दोरी ओढलेलीच राहिली, पण सुटली नाही.

झाडीतून एक म्हातारी आली. ठेंगणी, वाळक्या शेंगेसारखी. तिच्या दोन्ही हातांना पाने गुंडाळलेली होती. तिने रोहकाकडे पाहिले, पाठमोऱ्या क्षेमकाकडे पाहिले, मग गोणीच्या तोंडाशी दिसणाऱ्या मिठाकडे. तिच्या चेहऱ्यावर काय होते ते रोहकाने लगेच ओळखले. ते त्याच्या घरचेच होते. मघाशीही वर मीठच होते. आता कशावरून खाली वाळू नाही?

म्हातारीने दातांनी उजव्या हाताची पाने सोडली. रोहकाने तो हात पाहिला. तळव्याला कातडी राहिली नव्हती. बोटे पाण्याने फुगून पांढरी पडली होती आणि पेरापेरांत चिरा गेल्या होत्या.

तो हात तिने कोपरापर्यंत गोणीत खुपसला. थेट तळाला. तिचा चेहरा पिळवटला, ओठांतून सूं असा आवाज निघाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. मीठ तळापर्यंत होते. जखमेला ते खोटे कसे वाटेल? तिने हात बाहेर काढला आणि धनुर्धाऱ्याकडे बघून मान हलवली. धनुष्य खाली आले.

मग झाडीतून बाकीची माणसे आली. बायका, पुरुष, म्हातारे. सगळ्यांच्या हातांना पाने गुंडाळलेली. रोहकाने त्या हातांकडे बोट करून खुणेने विचारले, हे काय?

म्हातारीने कमरेच्या पिशवीतून मिरीचा एक घोस काढला. दाणे पिकून लाल झालेले, भिजून फुगलेले. तिने खडकाच्या खळग्यातल्या पाण्यात एक दाणा बोटांनी चोळला. लाल साल सुटून वाहून गेली आणि आतून पांढरा दाणा निघाला. तो तिने रोहकाच्या हातावर ठेवला. मग एक हिरवा आणि एक वाळका काळा दाणा शेजारी धरून कलत्या उन्हाकडे बोट दाखवले, बोटे खालीवर नाचवून पाऊस दाखवला आणि नाही, नाही अशी मान हलवली.

रोहकाला सगळे समजले. ना नाग होता, ना जाळ. मिरवेलावरचे हिरवे घोस तोडून उन्हात वाळवले की मिरी काळी होते, आणि या साली तोडणीच्या दिवसांत ऊनच नव्हते. वाळत टाकलेली मिरी बुरसली असणार. मग या माणसांनी उरलेली मिरी वेलावरच पिकू दिली, गार झऱ्यात भिजत घातली आणि महिनाभर पाण्यात बसून दाणा न् दाणा हाताने सोलला. साल नसलेला दाणा चुलीच्या उबेवरही वाळतो. ढोल वाजेल तेव्हा खडक रिकामा दिसू नये म्हणून एवढे केले. आणि त्या कष्टांना त्याने चोरी म्हटले होते.

बैलांच्या खांद्यांना लावायचे तिळाचे तेल कपिल्याच्या गळ्यात बांधलेल्या पोकळ शिंगात होते. रोहकाने ते आणले. नदीच्या पाण्याने म्हातारीचा हात धुतला. तेल लावायला गेला, तशी तिने हात मागे घेतला आणि डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिले. यात काय मिसळले असेल?

रोहकाने तेलाचे बोट आधी आपल्या जिभेवर ठेवले, गिळले आणि जीभ बाहेर काढून दाखवली. मागे कुणीतरी पोरगी खुदकन हसली. म्हातारीने हात पुढे केला.

ती माणसे मीठ घेऊन वर गेली. पाचोळा वाजायचा थांबला. तेव्हा क्षेमकाने विचारले, "गेले का?"

"गेले. डोळे उघडा, दाजी."

क्षेमकाने वळून पाहिले. मेहुण्याच्या डोक्यात वाळू, दाढीत वाळू, आणि गालांवर पाण्याचे ओघळ. "मीठ घेतलं ना त्यांनी? मग रडतोस का?"

"दाजी, त्यांच्या तळहातांना कातडी नाही," रोहक म्हणाला. क्षेमकाने पागोट्याच्या टोकाने त्याच्या डोक्यातली वाळू झटकली आणि दोघे बैल घेऊन निघाले.

सुवेलला पांढरी मिरी पाहून लोकांनी आधी नाके मुरडली. मग राजाच्या आचाऱ्याने ती दुधातल्या पेजेत घातली. पेज पांढरीशुभ्र राहिली आणि तिखटही झाली, तेव्हा तिची मागणी वाढली. रोहक विकताना एवढेच सांगे, "जपून वापरा. सांडू नका." पुढच्या माघात खडकावर नेहमीसारखे काळे ढीग होते. बाजार चालू राहिला. दरवर्षी मिठाची गोणी रोहक स्वतः भरी, तळापासून. गोंदक त्याला चिडवी, "काय धाकटे मालक, हल्ली कुणावर संशय नाही वाटतं?" रोहक म्हणे, "आहे ना. एकावर आहे." आणि आपल्याच हातांकडे बघे.

शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, ही कथा सांगितली ती एका विहारात, पावसाळ्याच्या मुक्कामी. समोर तिंदुक नावाचा भिक्षू बसला होता. शेजाऱ्याच्या पात्रात काय पडले हे पाहिल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे, आणि त्यामुळे विहारात रोज कुरबुर होई. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, रोहक होता तो हा तिंदुक. विहाराच्या दारात रोज भाताचे भांडे घेऊन उभी राहणारी सामा उपासिका, ती डोंगरातली म्हातारी. दोरी ओढूनही ज्याने बाण सोडला नाही, तो तिचा मुलगा. गोंदक म्हणजे आपला बडबड्या माळी. आणि जंगलाकडे पाठ करून बसला होता, तो क्षेमक मी."

तिंदुकाने मान खाली घातली. शास्ते त्याला म्हणाले, "ओळखीच्या माणसाचे भले चिंतणे सोपे आहे. ज्याचे तोंड कधी पाहिले नाही, त्याच्याविषयीही चांगले धरून चालावे, आणि आपण धरलेले खरे ठरावे म्हणून आपली पाठ त्याच्यापुढे उघडी ठेवावी. यालाच मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता, म्हणतात."